उद्यमबागेतली खानावळ: ताटाचा दर वाढवू की ताट लहान करू?

खानावळवाली_मजगाव:
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, मागच्या अंगाला आमची छोटी खानावळ आहे. गिऱ्हाईक बहुतेक फौंड्रीतलं, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातलं: साचे करणारी, ओतलेला माल घासून साफ करणारी माणसं, थोडी मशीन शॉपची पोरं. दुपारची जेवणं आणि रात्रपाळीचे डबे यावर सगळं चालतं.

दसऱ्यापासून रात्रीचे डबे निम्म्यावर आलेत. पाळी गेली असं तोंडानं कोण सांगत नाही. "काकू, गावाकडनं जेवून आलोय" म्हणतात. खानापूरकडनं सकाळच्या बसनं आलेला माणूस दुपारी एकला गावाकडनं जेवून कसा आला, हे मी विचारत नाही. एक पोरगा रोज पूर्ण ताट घ्यायचा. आता "नुसता भात-आमटी द्या" म्हणतो आणि आमटी परत मागून घेतो. ताट 80 ला, भात-आमटी 40 ला. दुसऱ्या वाटीचे पैसे मी लावत नाही हे त्याला ठाऊक, मला पण ठाऊक. खाली बघून जेवतो, उठताना ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवतो. आधी कधी नेत नव्हता.

इकडं खर्च मात्र कमी व्हायचं नाव नाही. आमचा सिलिंडर धंद्याचा, 19 किलोचा, त्याचा दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतो. घरगुती लाल सिलिंडर लावा म्हणून सांगणारे भेटतात, पण ते बेकायदा आहे आणि धाड पडली तर मला सोडवायला त्यातला एकही येणार नाही. तेलाचं म्हणाल तर कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क मे 2025 च्या अखेरीस 20 वरनं 10 टक्क्यांवर आणलं असं पेपरात वाचलं. आमच्या किराणावाल्याकडं तो पेपर येत नसावा. नळाला रोज पाणी नाही, मग टँकर.

तर विचारायचं असं, की ताट 90 करू, की 80 लाच ठेवून एक चपाती आणि सुकी भाजी कमी करू? आमटीत पाणी घालणार नाही, ते आधीच सांगते. आणि उधारीच्या वहीचं काय करायचं? जुनी माणसं आहेत, पण वही आता दुसरी चालू झालीय.

भट्टीवरचा_माणूस:
काकू, मी एका फौंड्रीत सुपरवायझर आहे, आतलं सांगतो. आमचा काही माल अमेरिकेला जातो. तिकडं 2025 च्या ऑगस्टमध्ये भारतातल्या बऱ्याच मालावर 50 टक्के शुल्क बसलं. पार्टीनं ऑर्डर रद्द केली नाही, "थांबा" म्हणून सांगितलं. थांबा हा शब्द रद्दपेक्षा वाईट. माल पडून, पैसे अडकून.

अशा वेळी पहिला ओव्हरटाइम जातो, मग रात्रपाळी, मग कंत्राटी पोरं. कायम कामगाराला ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 50 टक्के मिळतात, पण त्याला कारखान्यात 50 तरी कामगार हवेत आणि त्याचं वर्ष भरलेलं हवं. तुमच्याकडं जेवणारे बहुतेक कंत्राटदाराचे, त्यांना ते काही नाही.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. भट्टी अर्धी भरली तरी ती तापवायची वीज काही अर्धी लागत नाही. म्हणून काम कमी झालं की रोज थोडं थोडं ओतत नाहीत, साचे साठवून ठेवतात आणि आठवड्यातनं तीन-चार दिवस एकदम ओततात. ओतायच्या दिवशी सगळी माणसं हजर असतात आणि भूकही तशीच लागते. बाकीच्या दिवशी शेडमध्ये शुकशुकाट. आसपासच्या चार-पाच कारखान्यांच्या सुपरवायझरांना आदल्या संध्याकाळी फोन करून विचारत जा, "उद्या हीट आहे का?" (हीट म्हणजे भट्टी लावून ओतायचं काम). त्यावर तांदूळ भिजवा. तुमचं नुकसान दरात कमी आणि उरलेल्या भातात जास्त होत असणार.

वडगावचा_माग:
मी यंत्रमागवाला. काकू, ताटातलं कमी करा, पण दर उतरवू नका, आणि 80 च्या ताटाला 70 घेते असं चुकूनही कुणाला म्हणू नका. आमच्याकडं मंदीत साडीचा भाव व्यापाऱ्यानं पाडून मागितला, आम्ही "तात्पुरतं" म्हणून दिला. सूत महागलं, तरी तो भाव काही परत चढला नाही.

तूरडाळ आठवड्यातनं दोन दिवस तरी बंद करून मसूर लावा. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात भातानंतर मसूर निघतो, सुगीत ओळखीच्या शेतकऱ्याकडनं थेट घेतला तर दुकानापेक्षा परवडतो. आपल्याकडं अख्ख्या मसुराला कोण नाक मुरडत नाही, उलट कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि संकेश्वरी मिरची असली की दोन घास जास्तच जातात. रात्री भिजवून ठेवा, गॅस वाचतो.

वहीचं म्हणाल तर बंद करा. कडू वाटेल, पण करा.

खानापूरकर_आबा:
वही बंद करू नका. ज्याची वही बंद होईल तो पैसे बुडवून दुसऱ्या खानावळीत जाईल, चालू असेल तर लाजेनं तरी येईल. नवीन उधारीला मात्र मर्यादा घाला.

गॅससाठी भुशाची शेगडी बघा. पत्र्याचा डबा, खाली बाजूला भोक, मधोमध दांडका उभा धरून भोवती लाकडाचा भुसा घट्ट ठासायचा, मग दांडका अलगद काढायचा आणि खालनं पेटवायचं. एकदा भरली की काही तास एकसारखी जळते, मधे ढोसत बसावं लागत नाही. भाताचं पाणी आणि मसूर आरामात होतो. आमच्याकडच्या सॉ मिलमध्ये भुसा पोत्यानं मिळतो. तो वाळलेला पाहिजे, नाहीतर डोळ्यातनं पाणी. उघड्यावरच पेटवा, बंद खोलीत अजिबात नको.

खानावळवाली_मजगाव:
सगळ्यांचे आभार. भट्टीवरचे भाऊ, हीटचं हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी भात का उरतो ते आता कळलं. दोन सुपरवायझर आमच्याकडंच जेवतात, त्यांनाच धरते.

दर 80 च ठेवते, दुसरी चपाती मागणाऱ्याला वेगळे पैसे. मसूर सोमवार-गुरुवार. वहीचं आबांचं पटलं, पण वडगावच्या भावांचं पण खोटं नाही. यातल्या बऱ्याच जणांचं घर बायकोच्या खात्यात येणाऱ्या, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या महिना 2000 वर चाललंय, आणि बाजारालाही तीच येते, कारण बायकांना सरकारी बस फुकट. त्यांच्याकडनं शनिवारच्या बाजाराआधी मागणं मला जमत नाही. जमेल तेवढं बघते.

आबा, भोक किती मोठं ठेवायचं? आणि डबा तेलाचा चालेल का, 15 किलोचा? ते घरात ढीगभर पडलेत.

खानापूरकर_आबा:
चालेल. पण पत्रा पातळ असतो, दोन महिन्यांत जळून जाईल. आतनं मातीचा लेप द्या. भोक मनगटाएवढं.