[मंडळ-यादी] डेंगचा फलक, आज रात्रीच हवंय

सचिव:
मंडळी, क्रीडादिनाचा बास्केटबॉलपटू लुओल डेंगचा फलक आज छापायला गेला नाही तर शनिवारी मिळत नाही. मुलांचा मजकूर मावत नाहीये. चार ओळी कापायच्यात, कुठल्या ते सांगा. चर्चा नको.

क्रीडा समिती:
शिकागो बुल्सच्या ओळींना हात लावायचा नाही. २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकन लीगच्या खेळाडू-निवडीत सातवा, फिनिक्स संघाने घेऊन लगेच बुल्सला दिला. २०१४ च्या जानेवारीपर्यंत तिथेच, २०१२ आणि २०१३ ला ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात. नंतरच्या लेकर्स संघाचा ७.२ कोटी डॉलरचा करार खुशाल उडवा. बाकावर बसायचेच पैसे झाले ते.

कोषाध्यक्ष:
करार राहू दे, पोरं तेवढंच वाचतात. आणि या छपाईला मंजुरी कुणाची? संक्रांतीचा बॅनर एकदाच वापरून कुठे गेला?

काकू:
बॅनर आमच्या गराजमध्ये, पाटांच्या मागे आहे. न्या बाबा कुणीतरी, गाडी लावता येत नाही.

सांस्कृतिक समिती:
मजकूर आमच्याकडून जातो, एवढी आठवण. शीर्षक 'ब्रिटिश खेळाडू' असताना शेवटच्या दोन ओळी दक्षिण सुदानच्या कशाला?

क्रीडा समिती:
कारण माणूसच तसा आहे! जन्म वाऊचा, तेव्हा ते सुदानमध्ये होतं, आता दक्षिण सुदानमध्ये; युद्धामुळे कुटुंब इजिप्तला, तिथून आश्रय मिळून लंडन. खेळ शिकला तिथल्या ब्रिक्स्टन टॉपकॅट्स क्लबमध्ये. २०१२ ला ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून उतरला. २०१९ ला निवृत्त झाला आणि दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. त्याच संघाने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिक गाठलं.

हॉलवाले काका:
२०१२ ला ऑलिंपिकच्या ब्रिटन-स्पेन मॅचला मी होतो. ७९-७८, एका गुणाने गेली. शेजारचा गोरा आजोबा डोकं धरून बसला, त्याला मी चिवडा दिला. बाकी सामन्यांत फक्त चीनला हरवलं आपण.

युवा विभाग:
काका, एका गुणाचं खरं दुःख लंडनच्या ओटू अरीनामध्ये झालं. जुलै २०२४, अमेरिका १०१, दक्षिण सुदान १००. शेवटच्या काही सेकंदांत लेब्रॉन जेम्सने वाचवलं अमेरिकेला. हे कापलंत तर मुलं फलकाशेजारी उभी राहणार नाहीत, आधीच सांगतोय.

काकू:
चिवडा शनिवारीही मीच करायचा का? पोहे पातळ की जाड?

सचिव:
लेकर्स कापला, मियामी-क्लीव्हलँड हे त्याचे दोन संघ एका ओळीत कोंबले. अजून एक ओळ जास्त होतेय. सांस्कृतिक समितीने मागितलेलं स्वतःचं नाव काढतोय.

सांस्कृतिक समिती:
अध्यक्षांना फोन लावलाय. तोवर पाठवू नका.