पिकअपच्या स्टिअरिंगमधला ‘टक्’ आवाज : एंड बदलले, अलाइनमेंट केले, आवाज तसाच

ऐरोलीकर :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ९ वर्षांची डिझेल पिकअप आहे. पुढे पाट्यांच्या स्प्रिंगवरचा अखंड अॅक्सल, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आणि आतापर्यंत १,८६,००० किलोमीटर धाव. पहाटे तुर्भ्याच्या घाऊक बाजारात भाजी भरायची, ठाणे-बेलापूर रस्त्याने विटावा, कळवा करून जांभळी नाक्याला उतरवायची आणि उरलेला माल घोडबंदरच्या बाजूला पोचवायचा, असा तिचा रोजचा क्रम आहे. चालवतो मीच.

गणपतीच्या आसपास स्टिअरिंगमध्ये आवाज सुरू झाला. गाडी उभी असताना किंवा अगदी सावकाश वळवताना स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे नेले की मध्याच्या जरा पुढे एकदाच ‘टक्’ असे होते, आणि ते कानाच्या आधी तळहाताला कळते. कुलपात किल्ली फिरावी तसा तो कोरडा, छोटा आवाज आहे. खड्ड्यात चाक आदळल्यावर येणारा दणका निराळा, तो मला ओळखता येतो. वळण घेत गतिरोधकावर तिरके चढताना हा ‘टक्’ हमखास येतो. वेग ४० च्या पुढे गेला की काहीच नाही.

पहिल्या गॅरेजने टाय रॉडचे (पुढची दोन चाके जोडणारा दांडा) दोन्ही एंड, म्हणजे टोकांचे सांधे, बदलले. दुसऱ्याने ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) एंड बदलून अलाइनमेंट केले. दोन्ही मिळून साडेसात हजार रुपये गेले आणि आवाज होता तिथेच आहे. आता तिसरे गॅरेज स्टिअरिंग बॉक्सच (स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) गेला असे म्हणते आणि त्याचे २४ हजार सांगते. गाडी ८ वर्षांवरची असल्यामुळे फिटनेसची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते, ती तारीख पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा बॉक्सला हात घालण्यापूर्वी आणखी काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना फिटर, वागळे :

ऐरोलीकर, बॉक्सचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. मी वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षे मालवाहू गाड्यांचे पुढचे काम केले आहे. तुम्ही केलेले वर्णन वाचून माझा संशय इंटरमीडिएट शाफ्टवर जातो, म्हणजे स्टिअरिंग कॉलम जिथे केबिनमधून बाहेर पडतो तिथून खाली बॉक्सपर्यंत जाणारा आखूड दांडा. पण माझ्या संशयावरून शाफ्टही विकत घेऊ नका. आधी आवाज नेमका कुठे होतो ते हाताने शोधा. तुमच्या तिन्ही गॅरेजवाल्यांनी तेवढेच केलेले दिसत नाही.

त्यासाठी एक माणूस सोबत घ्या. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि इंजिन चालू ठेवा. इंजिन चालू ठेवायला सांगतो याला कारण आहे. हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या बॉक्समध्ये आत एक बारीक टॉर्शन बार असतो आणि इंजिन बंद असताना आधी तो पिळतो, मग बॉक्सचा आर्म हलतो. स्टिअरिंग थोडे फिरले आणि खाली काहीच हलले नाही हे पाहून अनेक जण बॉक्समध्ये खेळ आहे असे ठरवून टाकतात. तुमच्या तिसऱ्या गॅरेजने बहुधा हेच केले असावे.

सोबतचा माणूस स्टिअरिंग चार बोटे डावीकडे, चार बोटे उजवीकडे असे हलके हलवत राहील. तुम्ही बॉनेट उघडून, पंखा आणि पट्टे यांपासून हात व बाही लांब ठेवून, आधी नुसते पाहा. स्टिअरिंग हलले पण बॉक्समध्ये शिरणारा दांडा क्षणभर मागे राहिला, तर दोष शाफ्टमध्ये किंवा त्याच्या क्रॉसमध्ये (टोकाच्या वाकणाऱ्या सांध्यात) आहे. तो दांडा बरोबर फिरला पण बॉक्सखालचा ड्रॉप आर्म मागे राहिला, तर बॉक्स. ड्रॉप आर्म हलला आणि चाके उशिरा हलली, तर ड्रॅग लिंक, टाय रॉड किंवा किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळते ती). मग एकेका सांध्यावर बोटे टेकवून बसा. आवाज कानाला फसवतो, कारण सगळे लोखंड एकमेकांना जोडलेले असल्याने तो भलत्याच टोकाला निघतो; बोटाला मात्र ठोका जिथे होतो तिथेच लागतो.

शाफ्टवर माझा संशय का, तेही सांगतो. पिकअपची केबिन चासीवर रबरी बुशांवर बसलेली असते आणि बॉक्स थेट चासीला बोल्टने आवळलेला असतो. गाडी वळणात कलली किंवा एक चाक गतिरोधकावर चढले की केबिन आणि चासी यांच्यातले अंतर काही मिलिमीटर कमीजास्त होते. ते सामावून घेण्यासाठी हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि एक तुकडा दुसऱ्यात दात्यांवर मागेपुढे सरकतो. दात्यांतले ग्रीस वाळले की स्टिअरिंगच्या पिळाखाली ते धरून ठेवतात आणि पीळ सुटला की एकदम सुटतात. तोच तुमचा ‘टक्’. तिरके चढताना तो हमखास येतो असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरूनच मला ही शंका आली.

कळंबोली लाइन :

फिटरकाकांच्या म्हणण्याला माझा विरोध नाही, पण बॉक्सचे बोल्ट आधी पाहा. माझ्या गाडीला अगदी असाच आवाज येत होता. मी शाफ्टला ग्रीस केले, क्रॉस बदलला, आणि शेवटी निघाले काय, तर बॉक्स चासीवर ज्या बोल्टांनी बसतो त्यातले दोन ढिले. बॉक्स प्रत्येक वळणाला केसभर सरकत होता. ओळखायची खूण अशी की बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस गंजाची ओली रेघ दिसते, कारण घासणारे लोखंड सतत बारीक भुकटी सोडत असते. अंगठा अर्धा बॉक्सवर आणि अर्धा चासीवर येईल असा ठेवा आणि स्टिअरिंग हलवायला सांगा. दोघांमध्ये जराही फरक जाणवला तर बोल्ट आवळायच्या आधी कंपनीच्या पुस्तकातला टॉर्क (किती जोराने आवळायचे ते माप) बघून घ्या आणि बोल्टच्या भोकांजवळ चासीला तडा गेलेला नाही ना, हेही चांगल्या उजेडात तपासा.

दुसरी गोष्ट, बॉक्सच्या वरचा अॅडजस्टिंग स्क्रू कोणालाही फिरवू देऊ नका. तो आवळला की आवाज चार दिवस दबल्यासारखा वाटतो खरा, पण स्टिअरिंग मध्यावर जड होते आणि वळणानंतर आपणहून सरळ येत नाही.

ऐरोलीकर :

दोघांचेही आभार. रविवारी तपासतो. तोवर एक शंका. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो की शाफ्टच असेल तर दोन्ही तुकड्यांना वेल्डिंगचे दोन टाके मारून टाकतो, खेळ कायमचा बंद. हे चालते का?

जुना फिटर, वागळे :

अजिबात नाही. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागावर वेल्डिंग करायचे नाही आणि क्रॉसच्या वाट्यांवर छिन्नीने टाचा मारून त्या घट्ट करायचा उद्योगही करायचा नाही. तो सरकता सांधा बंद केला की केबिन आणि चासी यांची हालचाल थेट कॉलमच्या बेअरिंगवर आणि बॉक्सच्या सीलवर येते. शिवाय टाका गरम-थंड होऊन तुटला तर तो घाटात तुटेल की फाटकात, हे आपल्या हातात नाही. गायमुखच्या उतारावर भरलेल्या गाडीचे स्टिअरिंग हातात मोकळे फिरताना मला पाहायचे नाही.

शाफ्ट काढायची वेळ आली तर या गोष्टी पाळा. चाके सरळ करून स्टिअरिंग सीट बेल्टने बांधून टाका. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी तर हे केलेच पाहिजे, कारण शाफ्ट सुटल्यावर स्टिअरिंग मोकळे फिरले तर स्टिअरिंगच्या चाकामागची एअरबॅगची गुंडाळलेली केबल तुटते. वरचा सांधा, खालचा सांधा आणि सरकते दोन तुकडे यांवर पांढऱ्या रंगाने आरपार रेघा ओढा. एक दाताही चुकला तर स्टिअरिंग वाकडे बसते. सरकते तुकडे चुकीचे जुळले तर दोन्ही क्रॉस एकमेकांशी मेळात राहत नाहीत आणि एकाच वळणात स्टिअरिंग कधी हलके, कधी जड लागते.

घणसोलीची मेकॅनिकल :

एका मुद्द्याची भर घालते. ग्रीस करणे पुरेसे की शाफ्ट बदलणे आवश्यक, याचा निर्णय साफ केल्यानंतरच घ्यावा. दाते स्वच्छ पुसून, ग्रीस न लावता, तुकडे एकमेकांत घालावेत आणि हातांनी उलटसुलट पिळून पाहावे. फिरण्याच्या दिशेने खेळ नसेल आणि तक्रार केवळ सरकण्याच्या अडखळण्याची असेल, तर ग्रीसने भागते. फिरण्याच्या दिशेने खेळ असेल तर दाते झिजलेले आहेत. ग्रीस तो खेळ थोडे दिवस झाकते आणि नंतर आवाज परत येतो. क्रॉससुद्धा त्याच वेळी बोटांनी सर्व बाजूंना वाकवून पाहावा. मध्ये कुठे अडकला किंवा खरखरला तर त्याच्या बेअरिंगमधल्या सुया गंजल्या आहेत.

आपल्याकडे पावसाळ्यात हा भाग लवकर खराब होतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून रोज गेलेल्या गाडीत चिखल थेट या सांध्यापर्यंत उडतो, त्यामुळे रबरी टोपण फाटलेले असेल तर तेही बदलावे.

ऐरोलीकर :

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. मधल्या काळात दोनदा काम करावे लागले, म्हणून सविस्तर सांगतो.

रविवारी भाच्याला स्टिअरिंगवर बसवले. आधी कळंबोली लाइन यांनी सांगितल्याप्रमाणे बॉक्सचे बोल्ट पाहिले. गंजाची रेघ नव्हती, अंगठ्यालाही काही लागले नाही. पुढे ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, दोन्ही एंड पाहिले, सगळे गप्प. शेवटी शाफ्टच्या मधल्या भागावर दोन बोटे टेकवली आणि भाच्याने उजवीकडे वळवताच बोटांखाली हाताची बोटे मोडावीत तसा ठोका लागला. त्याच क्षणी तो वरून ओरडला, “मामा, आला!” इतके दिवस आवाज टायरच्या बाजूने येतो असे मी शपथेवर सांगितले असते.

खालच्या सांध्याचा बोल्ट गंजलेला होता. रात्रभर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तेव्हा सोमवारी तो सुटला. रेघा ओढल्याच होत्या. सरकते तुकडे हाताने हलेनात. लाकडी ठोकळा धरून हातोडीने हलके ठोकल्यावर वेगळे झाले. आत ग्रीसचा मागमूस नव्हता, दात्यांच्या खाचांत तपकिरीसारखी तांबडी भुकटी भरलेली होती. टोपण एका बाजूला फाटलेले निघाले. डिझेलने धुतले, पुसले आणि पिळून पाहिले. थोडा खेळ मला जाणवत होता, पण आपले मन आपल्याला हवे तेच सांगते. मी ‘नसावा’ असे ठरवले, ग्रीस भरले आणि बसवून टाकले.

अकरा दिवस गाडी एकदम शांत चालली. बाराव्या दिवशी जांभळी नाक्याला गाडी मागे घेताना तोच ‘टक्’ पुन्हा, फक्त जरा मऊ. घणसोलीच्या ताईंनी आधीच लिहून ठेवले होते, तसेच झाले. मग कळंबोलीहून दोन्ही क्रॉससह नवा शाफ्ट आणला, ४,२०० रुपयांना. बसवताना वरच्या सांध्यावर एक दाता चुकलाच. रेघा जुन्या शाफ्टवर होत्या आणि नव्यावर ओढायला मी विसरलो होतो. स्टिअरिंग उजवीकडे कललेले दिसताच पुन्हा सोडून नीट बसवले. बोल्ट नवे घातले आणि पुस्तकातल्या टॉर्कने एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये आवळून घेतले, कारण माझ्याकडे टॉर्कचा पान्हा नाही.

आता आवाज नाही. गतिरोधकावर तिरके चढून, भरलेल्या गाडीने, रिकाम्या गाडीने, सर्व तऱ्हेने पाहिले. गायमुखच्या खड्ड्यांत मात्र डाव्या बाजूला बारीक खडखड येते. ती स्टिअरिंगची नाही, पाट्याच्या शॅकलचा (पाट्याला चासीशी जोडणाऱ्या कडीचा) बुश आहे, हे याच बोटांच्या पद्धतीने शोधले आणि फिटनेसच्या आधी तोही बदलून घेणार आहे.

पहिल्या दोन गॅरेजनी काढलेले जुने एंड मी मागून घेतले होते, ते गोणीत पडून होते. काल सहज काढून हाताने फिरवून पाहिले. उजवीकडचा थोडा सैल आहे. डावीकडचा आणि ड्रॅग लिंकचे दोन्ही अजून इतके घट्ट आहेत की एका हाताने वळत नाहीत.