गॅसवरचा फ्रिज पेटत नाही: जेट बघितलात का?
पेटवताना ठिणगीची टिकटिक ऐकू येते, त्याच सिलिंडरवरची शेगडी नीट पेटते, पण व्हॅनमधला फ्रिज काही धरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे सिलिंडर आणि रेग्युलेटरला मी तरी दोष देणार नाही. वर कुणी थेट थर्मोकपल (ज्योत पेटलीय हे ओळखून गॅस चालू ठेवणारा भाग) बदलायला सांगितलंय, पण ते ज्योत पेटून बटण सोडल्यावर विझत असेल तर. तुमच्याकडे ती पेटतच नाहीये.

आमची व्हॅन पावसाळाभर सांगलीत दारात उभी होती. दिवाळीनंतर कासला गेलो आणि नेमकं हेच! साताऱ्यात खाली उतरल्यावर मागची जाळी काढली, तर बर्नरच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, वर कोळ्याचं जाळं. बर्नर ब्रशनं झाडला. जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, काढून स्पिरिटमध्ये तासभर ठेवला आणि फुंकून वाळवला. त्यात सुई मात्र घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं तरी ज्योत पिवळी होते, काजळी धरते. जोडल्यावर साबणाच्या पाण्यानं गळती बघायचीच, यात आळस नको.

त्याआधी एक फुकटचा उपाय: सिलिंडर नुकताच बदलला असेल तर फ्रिजच्या नळीत हवा असते. शेगडी पेटवून झाली तरी या फाट्यातली हवा तशीच राहते. चार-पाच वेळा परत परत पेटवून बघा. आणि कास साधारण १२०० मीटरवर आहे, तिथं हवा विरळ म्हणून हे फ्रिज तसेही कुरकुरतात. तुम्हीही अशा उंचीवर असाल तर एकदा खाली आणून पेटवून बघा आणि कळवा.