सहा फुटी टँकला एलईडी 60 वॉट की 100? रविवारच्या आत मदत हवी आहे

जीरावन_जास्त (इंदूर), मंगळवार रात्री 11:10

लोकहो, पटकन सांगा. हॉलमधल्या सहा फुटी टँकचा लाइट बदलायचा आहे. गोडं पाणी, झाडं आहेत. झाडं सडून राहिली आहेत आणि काचेवर हिरवं चढून राहिलं आहे. दुकानदार म्हणतो 100 वॉटचा घ्या, मेहुणा म्हणतो 60 खूप झाला. रविवारी बाबांची पंच्याहत्तरी, चाळीस माणसं घरी येणार, आणि टँकमध्ये भरदुपारी तिन्हीसांजेसारखा उजेड. 60 की 100, एवढंच सांगा. नेटवर शोधलं, सगळं गॅलनमध्ये आहे.

पाणकावळा, 11:25

असं कसं सांगणार? उंची किती? आत्ताचा लाइट किती वॉटचा? झाडं कोणती? किती तास चालू असतो? वर झाकण आहे का? खिडकीतून ऊन येतं का? फोटो टाका.

जीरावन_जास्त, 11:31

सहा बाय दोन. लाइट टँकसोबत आला होता. झाडं नेहमीचीच.

पाणकावळा, 11:33

माझ्या टँकमध्ये नेहमीचं म्हणजे शेवाळ. नावं सांगा.

निवृत्त_वीजमंडळ (इंदूर), बुधवार सकाळी 6:05

चौतीस वर्षं वीज मंडळात काढली, म्हणून सांगतो. अ‍ॅक्वेरियमचा म्हणून जो लाइट विकतात, त्यात निम्मे पैसे खोक्यावरच्या माशाच्या चित्राचे असतात. सरळ महाराणी रोडला जा, 50 वॉटचे दोन फ्लडलाइट घ्या. 6500 केल्विन मागा, पिवळा नको, आणि आयपी65 (धूळ-पाणी आत शिरत नाही याची खूण) छापलेलं पाहून घ्या. माझ्या चार फुटी टँकवर असाच एक छताला साखळीने टांगलेला आहे, चार वर्षं झाली, काही तक्रार नाही. बॉडी धातूची असते तेव्हा अर्थिंग द्यायचंच. आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. टँकच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच, असायलाच हवी. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही.

हिरवा_गालिचा (पुणे), 8:40

काका, झोल आणि ईएलसीबीबद्दल शंभर टक्के सहमत. पण फ्लडलाइट म्हणजे मांडवाची रोषणाई हो! प्रकाश चौफेर सांडतो, अर्धा भिंतीवर नि सोफ्यावर. रंगही मेलेले दिसतात. झाडांसाठीच बनवलेली पट्टी घ्या, आणि त्याआधी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावा. गॅस न देता नुसता लाइट वाढवलात तर त्याचं शेवाळंच होणार.

निवृत्त_वीजमंडळ, 8:52

सूर्यसुद्धा चौफेरच सांडतो. माझ्या टँकमध्ये व्हॅलिस्नेरिया इतकी माजते की दर महिन्याला बादलीभर काढून शेजाऱ्यांना वाटतो. सिलिंडर नाही, काही नाही.

ईशान्य_कोन, 9:15

टँक कोणत्या दिशेला आहे? ईशान्येला असेल तरच ठेवा. मासे नऊ हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा. दिशा चुकली की झाडं टिकत नाहीत.

पाणकावळा, 9:20

लाइटचा प्रश्न आहे हो.

बोरकूट, 9:48

माझ्या मुलीकडे काचेचा गोल बोल आहे, त्यात एक गोल्डफिश. त्याला कोणता लाइट लावू?

जीरावन_जास्त, दुपारी 1:30

जेवायच्या सुट्टीत लिहून राहिलो आहे. उंची 30 इंच. लाइटवर बारीक अक्षरात 36 वॉट लिहिलेलं आहे. एंजल मासे सहा. एक सकर (काचेला चिकटून राहणारा मासा) पण होता, तो दिवाळीपासून दिसला नाही, मेला असणार. झाडं म्हणजे व्हॅलिस्नेरिया, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियास. झाकण काचेचं आहे. आता 60 की 100?

हिरवा_गालिचा, 1:44

30 इंच! हे आधी सांगायचं ना. वरून टाकलेला उजेड तळाला पोचेपर्यंत निम्म्याहून कमी होतो. अशा टँकमध्ये वॉट मोजून उपयोग नाही, तळाशी पीएआर, म्हणजे झाडांना वापरता येणारा उजेड, किती मिळतो ते बघा. तुमच्या चारही झाडांना 20 ते 30 मिळाला तरी पुरेल, लाल झाडं लावणार असाल तर 50 च्या पुढे. शिवाय रुंदी दोन फूट. मधोमध एकच पट्टी ठेवली तर पुढचा आणि मागचा भाग अंधारात. पुढे एक, मागे एक अशा दोन हव्यात.

निवृत्त_वीजमंडळ, 1:58

पीएआरचं मीटर यांच्या घरी कुठून येणार? साधा हिशोब सांगतो. 6 × 2 × 2.5 म्हणजे 30 घनफूट, एका घनफुटाला 28.3 लिटर, म्हणजे साधारण 850. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून 750 धरा. 36 वॉट म्हणजे ढोबळमानाने 3600 ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप). लिटरमागे पाचसुद्धा पडत नाहीत. कमी उजेडाच्या झाडांना 15 ते 20 धरतात. त्यामुळे 60 विसरा. 100 किंवा त्याहून थोडा जास्त, तोही दोन भागांत.

चौथा_मजला (वडोदरा), 2:10

850 लिटर? म्हणजे काच आणि स्टँड धरून एक टन! कितव्या मजल्यावर आहात? खाली बीम आहे का? आमच्या सोसायटीत अशाच टँकवरून तीन मीटिंगा झाल्या.

जीरावन_जास्त, 2:15

तळमजला. स्वतःचं घर आहे. लाइटवर बोला भिया.

पाणकावळा, 2:22

माझे दोन प्रश्न अजून तसेच आहेत: किती तास, आणि खिडकी.

जीरावन_जास्त, रात्री 9:50

घरी येऊन विचारलं. आई सकाळी पाचला पूजेच्या वेळी लावते आणि रात्री अकराला मी झोपताना बंद करतो, म्हणजे अठरा तास! खिडकी डाव्या बाजूला आहे, सकाळचं ऊन थेट काचेवर येतं. हिरवंही त्याच बाजूला जास्त आहे.

पाणकावळा, 9:58

सापडलं. मिणमिणता लाइट अठरा तास, त्यावर फुकटचं ऊन. झाडांना असला उजेड पुरत नाही, शेवाळाला मात्र पुरतो. त्या बाजूला पडदा लावा, टाइमर बसवा आणि नवा लाइट आला की आधी सहाच तास ठेवा, दोन आठवड्यांनी आठ करा. आईंना पूजेसाठी वेगळा दिवा द्या. आणि स्वोर्ड मुळांतून खातं, त्याच्या बुडाशी खताच्या गोळ्या पुरा. नुसत्या लाइटने त्याची पिवळी पानं सुधारणार नाहीत.

शुद्धलेखन_सेवक (पुणे), 10:20

विषय सोडून बोलतो, पण 'सडून राहिली', 'लिहून राहिलो' हे मराठीत कधीपासून आलं?

रामबागकर (इंदूर), 10:31

आलं नाही, आहेच. होळकरांबरोबर आमचे पूर्वज इथे आले, तेव्हापासून बोलून राहिलो आहोत. तुम्हाला कळलं ना? मग झालं.

जीरावन_जास्त, 10:33

रामबागकर काका, धन्यवाद. आता लाइट?

तळ्यातली_ताई (वडोदरा), 10:47

दादा, टँकमध्ये पाणी नर्मदेचं भरता की बोरिंगचं? काचेचं झाकण शेवटचं कधी पुसलं? मी दोन वर्षं लाइट बदलत बसले होते, शेवटी लक्षात आलं की झाकणावर क्षार बसलेत. हवेच्या पंपाचे बुडबुडे फुटतात, शिंतोडे काचेला चिकटतात आणि पाणी उडून गेलं की चुना मागे राहतो. रोजचं थोडं-थोडं असतं, म्हणून डोळ्यांना कळत नाही.

जीरावन_जास्त, 10:52

बोरिंगचं. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, ते पिण्यापुरतंच होतं. झाकण कधी पुसलं नाही, काच तर आहे.

तळ्यातली_ताई, 10:55

झाकण काढून मोरीत न्या, टँकवर घासू नका. पांढरं व्हिनेगर ओतून दहा मिनिटं ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. साबण नको, संडास धुवायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको, मासे जातील.

जीरावन_जास्त, गुरुवार सकाळी 7:15

ताई, काय सांगू. झाकणाची एक फळी धुतली, दुसरी मुद्दाम तशीच ठेवली. धुतलेल्या फळीतून हाताच्या रेषा दिसतात, दुसरीतून हातच दिसत नाही. दुधाच्या पातेल्याला साय चिकटावी तसा थर, आणि आतून त्यावर हिरवी लव. मोबाईलवर लक्स मोजायचं अ‍ॅप घेतलं, फळीखाली फोन धरला: न धुतलेल्या खाली 1900, धुतलेल्या खाली 3700.

निवृत्त_वीजमंडळ, 7:22

फोनचे आकडे खरे धरू नका, पण एकाच फोनची तुलना चालते. म्हणजे अर्धा उजेड झाकणच खात होतं. मंडळात आम्ही याला लाइन लॉस म्हणायचो. तरी 36 वॉट कमीच आहेत, लाइट घ्यावाच लागेल.

हिरवा_गालिचा, 8:05

कबूल, झाकणाचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या पुण्यात पाणी मऊ. तरी सिलिंडरचा विचार करा.

पाणकावळा, 8:09

त्या चार झाडांना सिलिंडर कशाला?

हिरवा_गालिचा, 8:11

वाढ बघायची असेल तर.

पाणकावळा, 8:12

त्यांना रविवार बघायचा आहे.

जीरावन_जास्त, शनिवार रात्री 10:40

50-50 वॉटच्या दोन पट्ट्या आणल्या, 6500 केल्विन, पुढे एक, मागे एक. फ्लडलाइट आणायला बायकोने नाही म्हटलं, काका माफ करा. झोल दिला, ईएलसीबीही बसवली. टाइमर संध्याकाळी पाच ते रात्री अकरा, म्हणजे पाहुण्यांच्या वेळी चालू राहील. डाव्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर लावला. आईला पूजेसाठी छोटी एलईडी समई आणून दिली, तिला ती आवडलेली नाही. दुपारी सगळी काच घासली. संध्याकाळी पहिल्यांदा सगळं लावलं तेव्हा बाबा समोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, अरे सात आहेत. मोजले तर खरंच, सकर त्या मोठ्या लाकडाच्या मागे काचेला चिकटलेला. वीतभर झाला आहे.

तळ्यातली_ताई, 10:46

बाबांना शुभेच्छा! झाकण दर पंधरा दिवसांनी.

ईशान्य_कोन, 10:50

सात चालत नाहीत. अजून दोन आणा.

बोरकूट, 11:02

माझ्या बोलचं कुणी सांगेल का?