नेटवर्कमधले बदल मध्यरात्रीच का करायचे?

ऐरोलीकर:
नवी मुंबईतल्या महापे-रबाळे पट्ट्यात नेटवर्क सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांचा शनिवार ठरलेला असतो. दिवसभर ऑफिस आणि मध्यरात्री चेंज विंडो, म्हणजे बदल करायला ठरवून दिलेली वेळ. स्विचचं (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाचं) फर्मवेअर म्हणजे आतलं सॉफ्टवेअर असो, फायरवॉलचा (नको ते ट्रॅफिक अडवणाऱ्या यंत्रणेचा) एखादा रूल असो की नवीन व्हीलॅन (एकाच नेटवर्कमधला वेगळा कप्पा), सगळं रात्रीच, कारण युजरला त्रास नको. बहुतेक बदलांसाठी ही पद्धत चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे. दिवसभर जागलेला माणूस पहाटे तीनला कोअर स्विचवर, म्हणजे सगळं नेटवर्क ज्यावर चालतं त्या मुख्य स्विचवर, काम करायला बसतो. सिस्को कंपनीच्या स्विचच्या ट्रंक पोर्टवर (एकाच लिंकवरून अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टवर) व्हीलॅन वाढवताना 'अ‍ॅड' लिहायचं राहिलं, की त्या लिंकवरचे आधीचे सगळे व्हीलॅन जातात. आणि हे कळतं केव्हा? सोमवारी, अकाउंट्सवाले टॅली उघडतात तेव्हा! तोच बदल दिवसा केला, तर दोन मिनिटांत फोन येतो आणि लगेच दुरुस्त होतो. मागे फिरायची सोयही आहे. ज्युनिपर कंपनीच्या उपकरणावर 'कमिट कन्फर्म्ड' ही कमांड दिली आणि पुन्हा पक्कं केलं नाही, तर १० मिनिटांत जुनं कॉन्फिगरेशन आपोआप परत येतं. सिस्कोवर 'रिलोड इन १०' लावून ठेवता येतं, म्हणजे बदल फसला तर १० मिनिटांनी स्विच आपोआप रीबूट होऊन आधी सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर येतो.

रबाळे_तिसरीपाळी:
साफ असहमत. 'रिलोड'चं तर बोलूच नका. बदल फसला तर अख्खा कोअर स्विच रीबूट होणार, आणि तो वर येईपर्यंत गेटवरचं वजनकाट्याचं बिलिंग बंद, बाहेर ट्रकची रांग. दिवसा हे कोण ऐकून घेणार? ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सहा तासांच्या आसपास बंद होते. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं बॅकबोन बंद पडलं. कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळ होती. कमांड तपासणारं टूलही होतं, त्यातच बग निघाला.

ठाणेपूर्व_नेटवर्क:
रात्री करा, माझी हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या आणि घरी जायला गाडी द्या. ट्रान्स-हार्बरच्या लोकल बंद झाल्यावर महापेहून ठाण्याला यायचं कसं, हे चेंज फॉर्ममध्ये कुणी विचारत नाही.

ऐरोलीकर:
ताई, शंभर टक्के सहमत.
दादा, फेसबुकचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे. बॅकबोन गेल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) आपले बीजीपी रूट, म्हणजे बाकीच्या इंटरनेटला आपल्यापर्यंतची वाट सांगणाऱ्या नोंदी, मागे घेतले. दुरून आत शिरायचं पर्यायी नेटवर्कही बंद होतं, म्हणून इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. रात्र असती तरी हेच झालं असतं. कोअरचं फर्मवेअर रात्री करा, मान्य. पण एका व्हीलॅनसाठी माणूस का जागवायचा? आणि फायरवॉलमधली गंभीर त्रुटी मंगळवारी जाहीर झाली, तर शनिवारपर्यंत ती उघडी ठेवायची?

रबाळे_तिसरीपाळी:
त्रुटीचा पॅच (दुरुस्ती) थांबवू नये, हे मान्य. बाकी मत तेच. तुमच्याकडे दोन कोअर स्विच असतील आणि बदल आधी करून बघायला वेगळी लॅब असेल. आमच्या एमआयडीसीतल्या कितीतरी युनिटांत एकच स्विच, एकच लाइन आणि एकच माणूस. तिथे दिवसा बदल करायचा, तर आधी दुसरा स्विच मंजूर करून आणा, मग बोलू.

ठाणेपूर्व_नेटवर्क:
दुसरा स्विच मागताना त्याच अर्जात दुसरा माणूसही मागा.