धाकट्या भावाचे नैराश्य आणि हातातला फोन: आधी काय आले, हे कसे ओळखावे?

प्रश्न – करवीरकन्या

नमस्कार. माझा धाकटा भाऊ वीस वर्षांचा असून कोल्हापुरातच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर त्याच्यात जो बदल होत गेला, तो आधी आम्हाला आळस वाटला, मग हट्ट वाटला, आणि आता मात्र मला त्याची मनापासून काळजी वाटते. तो पहाटे तीन-चारपर्यंत फोन पाहत असतो, दुपारी उठतो, ताटात अर्धे जेवण टाकतो आणि विचारलेल्याला एका शब्दात उत्तर देतो. शाळेत असल्यापासून तो पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळत आला आहे. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की आमच्या घरात दुसरा विषय नसे. यंदा त्याने सराव तर सोडलाच, शिवाय संघाचा सामना असताना मित्र बोलवायला आले तरी तो खोलीबाहेर आला नाही.

वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत नोकरी करतात. त्यांचे आणि घरी येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाचे एकच म्हणणे आहे की हे सगळे मोबाइलमुळे झाले आणि तो काढून घेतला की पोरगा ताळ्यावर येईल. मागच्या आठवड्यात त्यांनी फोन कपाटात ठेवून कुलूप लावले. भाऊ चिडला नाही, भांडला नाही. भिंतीकडे तोंड करून नुसता पडून राहिला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. शेवटी आईने फोन परत दिला.

फोनच्या अतिवापराने नैराश्य येते, की नैराश्य आलेला माणूस फोनमध्ये तोंड लपवतो? वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंचे वाचायला मिळते. वडिलांना काय सांगावे आणि पहिले पाऊल कोणते टाकावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – समुपदेशिका, राजारामपुरी

ताई, तुमचा मजकूर वाचताना माझे लक्ष सर्वांत आधी फुटबॉलच्या उल्लेखाकडे गेले. ज्या गोष्टीत माणसाचा जीव रमत होता, तिच्यातला रस आटणे हे नैराश्याच्या दोन प्रमुख लक्षणांपैकी एक आहे. दुसरे म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न किंवा रिते असणे. यांच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःविषयीचा अपराधीपणा, हालचालींतला मंदपणा किंवा अस्वस्थता आणि मरणाचे विचार यांपैकी काही गोष्टी असतील आणि हे सारे किमान दोन आठवडे जवळजवळ रोज टिकून असेल, तर डॉक्टर नैराश्याचा गांभीर्याने विचार करतात. तुमच्या भावाच्या बाबतीत हा काळ दोन आठवड्यांपेक्षा कितीतरी जास्त झाला आहे. मी त्याला पाहिलेले नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण ‘थांबून पाहू’ असे मी म्हणणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, व्हिडिओ गेम खेळण्याच्या विकाराला जागा मिळाली आहे. ‘स्मार्टफोनचे व्यसन’ असा वेगळा आजार मात्र त्यात नाही. म्हणजे त्रास खोटा आहे असे नाही. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक चालते. परंतु अशा अतिवापराच्या तक्रारीमागे नैराश्य, चिंता, एकटेपणा किंवा अभ्यासातले अपयश असू शकते, आणि ते न तपासता फोनवर बोट ठेवले की मूळ आजार घरात राहतो व औषधोपचाराचे महिने वाया जातात. ताप आलेल्या माणसाच्या अंगावरची गोधडी ओढून घेतली म्हणून ताप उतरत नाही. तुमच्या वडिलांनी काळजीपोटीच कुलूप लावले असणार, त्यांना दोष देऊ नका. पण फोन काढून घेतल्यावर मुलगा चिडलाही नाही, ही खूण त्यांच्या लक्षात आणून द्या.

फोनचा खरा आणि थेट उपद्रव मला झोपेत दिसतो. रात्री उशिरा डोळ्यांसमोर उजेड असला की झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवणे लांबते. त्याहून मोठी गोष्ट ही की फोनवर बोट सरकवत राहिल्याने झोपायची वेळच निघून जाते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी मन खचलेले असते, खचलेल्या मनाला रात्र नकोशी वाटते आणि हात पुन्हा फोनकडे जातो. आधी काय आले, याचा शोध घरात बसून लागणार नाही, पण हे चक्र झोपेपाशी तोडता येते.

पहिले पाऊल म्हणाल तर त्याच्याशी एकांतात बोला. फोनचा विषय काढू नका. ‘तुला जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घ्यावेसे वाटते का?’ हे स्पष्ट शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे; बहुतेकांना कोणीतरी विचारले याचा आधारच वाटतो. उत्तर ‘हो’ असेल, किंवा त्याने टाळले आणि तुम्हाला शंका आली, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तसे नसले तरी येत्या काही दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. आपल्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतूनही बोलता येते. भाऊ तयार नसेल तर तुम्ही स्वतः त्या क्रमांकावर बोलून मार्गदर्शन घ्या.

उत्तर २ – आकडेमोड

मी सांख्यिकी शिकवतो, त्यामुळे आजाराविषयी न बोलता फक्त तुमच्या ‘आधी काय’ या प्रश्नापुरते लिहितो. वर्तमानपत्रांत दोन्ही बाजू दिसतात, कारण वेगवेगळे संशोधक वेगवेगळी गोष्ट मोजतात.

२०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी ४१ अभ्यास एकत्र करून सुमारे ४२,००० मुले व तरुण यांची माहिती तपासली. त्यांत साधारण चारांपैकी एकाचा फोनवापर त्रासदायक म्हणण्याजोगा होता, म्हणजे फोन हातात नसला की बेचैनी आणि वापरावर ताबा नाही, आणि अशांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या जवळपास तिप्पट आढळली. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी अमेरिका आणि ब्रिटनमधील साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. त्यांच्या हिशोबाने मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्याचा जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. वरवर पाहता ही दोन विधाने एकमेकांना खोडतात. परंतु पहिल्याने ताबा सुटलेला वापर मोजला, दुसऱ्याने सर्वांचा सरसकट वापर. आणि तुमच्या भावाची अवस्था सरसकट सरासरीत बसणारी नाही.

या दोन्ही अभ्यासांत आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६७ जणांच्या फोनवरचे इंटरनेट दोन आठवडे बंद केले गेले. कॉल आणि साधे संदेश चालू होते, संगणकावर इंटरनेट वापरायलाही मुभा होती. सहभागी लोकांची खिन्नता कमी झाली, एकाग्रता वाढली, आणि हा वेळ त्यांनी माणसांत मिसळण्यात, व्यायामात व मोकळ्या हवेत घालवल्याचे दिसले. मात्र ही मंडळी स्वतःहून पुढे आलेली होती, आणि तरीही त्यांतल्या अनेकांना दोन आठवडे बंदी पाळणे जमले नाही. स्वतःच्या इच्छेने बंद केलेले इंटरनेट आणि वडिलांनी कुलपात ठेवलेला फोन यांचा परिणाम एकच असेल, असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

आपल्याकडची एक नोंद वडिलांना अवश्य सांगा. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आल्याचे आढळले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविनाच होते. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि स्वस्त इंटरनेट घरोघरी पोहोचले ते त्यानंतर. फोन हातात येण्यापूर्वीही हा आजार आपल्या घरांत होता आणि उपचारांविना राहत होता.

उत्तर ३ – शिक्षिका, इस्लामपूर

वरची दोन्ही उत्तरे मला पटली, तरी फोनला इतक्या सहज सोडून द्यायला माझे मन तयार नाही. मी रोज वर्गात पेंगणारी मुले पाहते. २०२४ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ही मुले काय पाहतात, कोणाच्या आयुष्याशी स्वतःची तुलना करतात, यावर घरात कोणाचेच लक्ष नसते, कारण मोठ्यांच्याही हातात तेच असते.

आमच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये काय केले ते आठवा. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही व मोबाइल बंद राहतात. मला त्यातली मोलाची गोष्ट ही वाटते की तो नियम साऱ्या गावाला आहे, एकट्या मुलाला नाही. ताईंच्या घरातही बंधन घालायचेच असेल तर ते वडिलांच्या फोनलाही असावे.

उत्तर ४ – उचगावचा

मी यातून गेलो आहे म्हणून थोडेच लिहितो. रात्री मला फोन आवडत होता असे नव्हते. दिवे मालवून पडलो की डोक्यात जे सुरू व्हायचे ते बंद ठेवण्याचा दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता. काय पाहिले हे सकाळी आठवतही नसे. उपचार सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात हे आधीच सांगितले होते, म्हणून मी धीर धरला. घरच्यांनाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आठव्या दिवशीच ‘काही उपयोग नाही’ असे सुरू होते. मला घरात सर्वांत मोठा आधार झाला तो आजीचा. ती काहीही न विचारता रात्री माझ्या खोलीत अंथरूण टाकून झोपायची.

करवीरकन्या

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी त्याच्याशी बोलले आणि समुपदेशिका ताईंनी सांगितलेला प्रश्न तसाच विचारला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की मरावेसे वाटत नाही, पण सकाळ होऊ नये असे वाटते. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले आहेत हे त्याने घरात कोणालाही सांगितले नव्हते, तेही त्याने सांगितले. आई रडली. वडील काही बोलले नाहीत. उद्या अर्धी रजा टाकून ते आमच्याबरोबर सीपीआरला येणार आहेत.

एकच अडचण उरते. त्याच्या महाविद्यालयाच्या सगळ्या सूचना, टिपणे आणि विषयांचे व्हिडिओ फोनवरच येतात. रात्रीच्या फोनचे नेमके काय करावे?

समुपदेशिका, राजारामपुरी

‘सकाळ होऊ नये असे वाटते’ हे वाक्य उद्या डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा. तो स्वतः सांगू शकला तर फारच चांगले, नाहीतर त्याची परवानगी घेऊन तुम्ही सांगा. राहिलेल्या विषयांचेही सांगा. तोवर रात्री कोणीतरी त्याच्या खोलीत झोपा, आणि घरात कीटकनाशक किंवा जास्तीच्या गोळ्या असतील तर त्या हाताशी राहू देऊ नका.

फोनचे म्हणाल तर या आठवड्यात सक्ती नको. व्हिडिओ दिवसा पाहता येतील, त्यासाठी जेवणाच्या खोलीतली जागा ठरवा. रात्री अकरानंतर घरातले सगळे फोन, वडिलांच्या फोनसह, एकाच जागी चार्जिंगला लागतील आणि त्याला गजरासाठी साधे घड्याळ मिळेल, असे त्याच्याशी बोलून ठरवा. तो म्हणाला की अजून जमणार नाही, तर वेळ बारा करा. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवा आणि उठल्यावर त्याला थोडा वेळ उन्हात घेऊन जा. रंकाळ्यापर्यंत चालत गेलात तरी पुरे. तालमीतल्या ज्या मित्राशी त्याचे सर्वांत जास्त जमते, त्याला घरी यायला सांगा, पण खेळायला चल असा आग्रह त्याने इतक्यात धरू नये.