दिवसभर दुसऱ्यांच्या प्लेट्स, आणि माझी तीन महिने कपाटात

कोरी_प्लेट

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी प्रिंटमेकिंगच्या (धातूच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, चित्र कोरून ते कागदावर छापण्याच्या) स्टुडिओत टीचिंग असिस्टंट आहे, हे दुसरं वर्ष. काम काय, तर मुलं यायच्या आत हॉटप्लेट लावायची, ॲसिडचे ट्रे बघायचे, कागद भिजत घालायचे, प्रेसची फेल्टची ब्लँकेट कडक झाली असतील तर धुवायला काढायची. मग डेमो. मग दिवसभर 'मॅडम, हे असं का झालं?' आणि संध्याकाळी कुणीतरी तशीच टाकून गेलेली शाईची काच खरवडत बसायचं. (काच साफ करून जा, हे मी भिंतीवर तीन ठिकाणी लिहिलंय. आजवर एकानेही वाचलेलं नाही.) मागच्या टर्मला एका वरिष्ठ प्राध्यापकांची चाळीस प्रतींची एडिशन मीच छापली, त्यावर माझं नाव कुठेच नाही, पण तो वेगळा विषय.

शिकवायला मला आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही. नोकरी धरताना हिशोब सोपा वाटला होता: प्रेस हाताशी, ॲसिड हाताशी, म्हणजे स्वतःचं काम आपसूक होईल. झालं उलटंच. हार्ड ग्राउंड (ॲसिड अडवणारा मेणकट थर) लावून ठेवलेली माझी एक झिंकची प्लेट तीन महिने कपाटात पडून होती. परवा काढली तर सुई टेकवली की ग्राउंडचे टवके उडायला लागले. सगळं पुसून टाकलं.

पण खरं दुखणं वेळेचं नाहीये. मधे सुट्टीत सलग आठ दिवस स्टुडिओ रिकामा मिळाला. चार प्रिंट काढले. रेघ स्वच्छ, ॲक्वाटिंट (ॲसिडने काढलेल्या सपाट करड्या छटा) एकसारखं, कडेला बोटाचा डाग नाही. भिंतीला लावून लांब जाऊन पाहिलं आणि पोटात गोळा आला. डेमोचा तक्ता! ॲसिडमध्ये किती वेळ ठेवलं की छटा किती गडद होते ते दाखवणारी ती पट्टी आपण सगळ्यांनीच केलेली असते: १५ सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, २, ४, ८, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायऱ्या. माझं झाड त्या पायऱ्यांचं बनलेलं होतं. झाड काढायचं होतं मला.

त्याच सुमारास पहिल्या वर्षाच्या एका मुलाने प्लेटचा तेलकटपणा नीट काढला नाही. आकाशाच्या बाजूने ग्राउंड सुटलं, ॲसिड खाली शिरलं आणि सगळं आकाश देवी आल्यासारखं टोचून निघालं. पोरगं रडवेलं झालं. मी शहाण्यासारखं खडूची पूड, अमोनिया, पाणी प्लेटवर फुटू न देता सपाट पसरायला हवं वगैरे समजावलं. तो गेल्यावर मात्र तो प्रूफ (चाचणीचा छाप) बराच वेळ बघत बसले. त्या आकाशात जे होतं ते माझ्या चारांपैकी एकातही नव्हतं. त्याने प्लेट भंगाराच्या डब्यात टाकली. मी ती उचलून आणली. आता माझ्या कपाटात ती आहे आणि त्याला माहीत नाही.

तर विचारायचंय ते हे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरणारा हात स्वतःच्या कामात चुकायचं कसं शिकतो? आणि त्या प्लेटवर मी काम केलं तर चालेल का? खरं उत्तर मला माहीत असावं असा संशय आहे.

---

उलटी_अक्षरं

प्लेट परत कर. पहिलं काम ते. टाकून दिली असली तरी त्याची आहे, आणि तू त्याची शिक्षिका आहेस. पण नुसती परत करू नकोस, त्या आकाशात तुला काय दिसलं ते सांग. तू त्याला ते कसं टाळायचं तेवढंच शिकवलंस. ते शिकवायलाच हवं होतं, पण गोष्टीचा अर्धा भाग राहिला.

आता हाताचं. मी नऊ वर्षं असिस्टंट होतो. डेमोचं काम एकच असतं, प्रक्रिया शेवटच्या रांगेतल्याला दिसली पाहिजे. म्हणून आपण सगळं मोजून-मापून, स्वच्छ करतो. हात बिचारा जे रोज करतो तेच शिकतो. एकदा वर्गासमोर प्लेट पुसताना माझ्या लक्षात आलं की मी बरोबर त्याच ठिकाणी थांबलो, जिथे काल थांबलो होतो, आणि तोंडातून वाक्यही कालचंच आलं. त्या दिवशी जरा घाबरलो.

मग वर्षभर स्वतःसाठी एचिंग, म्हणजे ॲसिडने रेघ कोरणं, बंद. फक्त ड्रायपॉइंट. तांब्याचा तुकडा आणि सुई. ग्राउंड नाही, ॲसिड नाही, हॉटप्लेट नाही. घरी मांडीवर घेऊनही ओरखडता येतं, स्टुडिओ लागतो तो फक्त प्रेसपुरता. मुलं यायच्या आधी पंधरा मिनिटांत एक प्रूफ निघतो, कागद तर तू रोज भिजवतेसच. दुसरा फायदा मला नंतर कळला. सुईने उकरलेल्या रेघेच्या कडेला धातूची जी खरखरीत धार उभी राहते, शाई तिच्यात अडकते आणि तो मखमली काळा येतो. ती धार प्रेसखाली दर वेळी थोडी दबते. वीसेक प्रिंटांत बरीचशी मजा गेलेली असते. म्हणजे चाळीसची एडिशन वगैरे विचारच करायचा नाही. आपल्यासारख्या 'सगळे प्रिंट एकसारखे आले पाहिजेत' म्हणणाऱ्यांना हे औषध आहे.

मी एकच प्लेट धरली, आठवड्याला एक प्रूफ. दर वेळी काहीतरी खरवडायचं, काहीतरी वाढवायचं. प्रूफच्या मागे पेन्सिलने तारीख आणि काय बदललं ते. २३ प्रूफ झाले. सुरुवातीला प्लेटवर एक जिना होता, शेवटी नुसता अंधार आणि स्क्रेपरचे वळ राहिले. अकरावा सगळ्यात चांगला होता, हे अर्थातच तेव्हा कळलं नाही, पुढे घासत बसलो. त्याचंही आता वाईट वाटत नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटची १६५३ची 'तीन क्रूस' ही प्लेट बघ. पहिल्या अवस्थांत (प्लेट बदलत मधे मधे काढलेल्या छापांत) गर्दीतला एकेक माणूस ओळखू येतो. चौथ्या अवस्थेत त्याने त्यातले कितीतरी खरवडून काढले आणि वरून काळोखाच्या उभ्या रेघा ओतल्या. त्याच पत्र्यावर! नवा पत्रा घेतला असता तर ते चित्र झालंच नसतं.

---

शाईचे_हात

वरच्या प्रतिसादातल्या प्लेट परत करण्याला अनुमोदन. बाकीच्याशी मी भांडणार आहे.

शिकवणं इकडे आणि आपलं काम तिकडे, अशी भिंत घातली की दोन्हीकडे निम्मं माणूस उरतं. माझं म्हणणं, डेमोच बदला. ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही असं काहीतरी वर्गासमोर करा. ब्रिटिश प्रिंटमेकर हेटरने १९२७ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेत, म्हणजे पुढे जिला आतेलिए १७ म्हणू लागले तिथे, मुरलेले आणि नवखे एकाच टेबलावर काम करत. एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग काढायची व्हिस्कॉसिटीची पद्धत तिथल्याच खटपटीतून आली, आणि त्यात आपल्या कृष्णा रेड्डींचा आणि कैको मोतींचा मोठा वाटा. कडक रोलरने पातळ, तेलकट शाई प्लेटच्या वरच्या पृष्ठभागावर द्यायची, मग मऊ रोलरने घट्ट शाई खोलगट भागांत पोचवायची. पातळ शाई घट्ट शाईला आपल्या अंगाला लागू देत नाही, त्यामुळे रंग शेजारी शेजारी राहतात. रेड्डी मुळात शिल्पकार. प्लेट त्यांनी चित्रासारखी सपाट पाहिलीच नाही, उठावाच्या शिल्पासारखी कोरली. असलं काही एकट्याने दार लावून सुचत नाही, असं माझं आपलं मत.

माझा अनुभव सांगते. शुगर लिफ्टचा डेमो होता. साखर आणि काळ्या शाईच्या पाकाने काढायचं, वरून ग्राउंड, मग गरम पाण्यात साखर सुटते आणि तेवढाच पत्रा उघडा पडतो. मी ग्राउंड फार जाड दिलं. चाळीस मिनिटं बारा मुलं ट्रेभोवती उभी, मी पिसाने चोळतेय, आणि आकार काही सुटेना. सुटले ते नुसते ठिपके, कुठेतरी एखादी ओरखड. मागून कुणीतरी म्हणालं, 'मॅडम, पक्ष्यांचा थवा.' लाज वाटली, पण प्लेट तशीच ॲसिडमध्ये घातली. पुढची चार वर्षं मी त्या थव्यावर काम करतेय.

एक तोटा प्रामाणिकपणे सांगते. पुढच्याच टर्मला अर्ध्या वर्गाने थवे काढले. काहींनी माझ्यापेक्षा बरे काढले, त्याचा त्रास वेगळा. तेव्हापासून फसलेला डेमो मुलांसमोर, पण त्यातून पुढे झालेलं काम टर्म संपेपर्यंत दाखवत नाही. म्हणजे थोडी भिंत मीही घातलीच, काय करणार.

---

लिथोवाला

चर्चा छान चालली आहे, मी फक्त दोन कोरड्या गोष्टी सांगतो.

पहिली. वेळ मिळत नाही म्हणून रात्री एकटीने ॲसिडच्या खोलीत बसू नकोस. असिस्टंट लोकांची ही जुनी खोड. किल्ली आपल्याकडे असते आणि नियम मुलांसाठी आहेत असं वाटतं. दमलेल्या माणसाने एकदा झिंकऐवजी तांब्याची प्लेट नायट्रिकमध्ये सोडलेली मी पाहिली आहे. तपकिरी धूर निघतो, आणि त्याचा छातीला होणारा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस घरी जाऊन झोपलेला असतो. ड्रायपॉइंटचा सल्ला मला म्हणूनच जास्त पटला.

दुसरी. ती चाळीसची एडिशन 'वेगळा विषय' नाही. ती छापायला तुला किती दिवस गेले? ते दिवस तुझ्या प्लेटचे होते. अमेरिकन कलावंत जून वेनने १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये टॅमरिंड ही लिथोग्राफीची (सपाट दगडावरून किंवा पत्र्यावरून छापण्याची) कार्यशाळा काढली, तिथे छापणाऱ्याचा छोटा उठावाचा शिक्का प्रत्येक प्रिंटच्या कागदावर असतो. कलावंताची सही, छापणाऱ्याचा शिक्का. पुढच्या वेळी सर आले की काम घेण्याआधी दोनच गोष्टी विचार: माझा शिक्का कुठे येईल, आणि बदल्यात प्रेस मला कोणते दिवस मिळेल. आवाज न चढवता. मी हे विचारायला सहा वर्षं लावली आणि उत्तर दोन मिनिटांत 'हो' आलं. त्या सहा वर्षांचा राग मग कुणावर काढायचा ते कळेना.

---

कोरी_प्लेट

सगळ्यांचे आभार. अकरा दिवसांनी येतेय, कारण सांगण्यासारखं काहीतरी घडू द्यायचं होतं.

प्लेट परत दिली. त्याला आधी आठवेचना कुठली ते. मग म्हणाला, 'मॅडम, घ्या ना तुम्हीच, मला नकोय.' मी एक मिनिट गप्प राहिले असते तर ती माझी झाली असती. पण उलटी_अक्षरं यांचा सल्ला डोक्यात होता, म्हणून त्याचा जुना प्रूफ काढला आणि आकाशात मला काय दिसतं ते सांगितलं, अगदी बोट ठेवून. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'मग मीच ठेवतो.' आणि घेऊन गेला! आता रोज त्यावर काहीतरी करतोय आणि मी जवळ गेले की हात आडवा धरतो. माझ्या कपाटात पुन्हा काही नाही.

म्हणून तांब्याचा एक उरलेला तुकडा घेतला, पत्त्याएवढा. घरी ओरखडला. सकाळच्या पंधरा मिनिटांत पहिला प्रूफ काढला तर रेघा बारीक, करड्या, एचिंगसारख्या स्वच्छ. मखमल वगैरे काही नाही. लक्षात आलं की मी प्लेट सवयीने इतकी लख्ख पुसली की धारेतली शाईसुद्धा पुसून काढली. हात आपला डेमो देतोय. दुसऱ्या प्रूफला जरा बरं, एका कोपऱ्यात खरा काळा आलाय, नखाएवढा.

डेमो फसवायचं धाडस अजून झालेलं नाही, शाईचे_हात. आणि लिथोवाला, सरांना विचारायचं वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं, चौथ्यांदा ठीक आलं. पुढच्या सोमवारी ते येणार आहेत.

एक शंका: ती धार जास्त टिकावी म्हणून प्रेसचा दाब कमी करू का? सध्या तीन ब्लँकेट आहेत.

---

उलटी_अक्षरं

तिन्ही राहू देत, दाबही आहे तसाच. दाब कमी केलास तर प्रिंट फिका येईल आणि पुन्हा पुसण्यातच चूक शोधत बसशील. टार्लटन (शाई पुसायचं जाळीदार कापड) मात्र बदल. नवं, खळीचं कडक नको, वापरून मऊ पडलेलं घे, आणि रेघेला आडवं पुसू नकोस, तिच्याच दिशेने. शेवटचा हात तळव्याने, हलका.

आणि तो नखाएवढा कोपरा कुठल्या बाजूला आलाय? तिथली सुई तू सरळ धरली होतीस की तिरकी, आठवतंय का?